क्लच मी जाळला

ट्रॅक्टरचा क्लच जळाला, तर तुम्ही आधी कोणाला दोष देता? स्वतःच्या पायाला, की तो लावून देणाऱ्या मिस्त्रीच्या हाताला? उत्तराची घाई करू नका. मी केली होती.

लासूर स्टेशनला बाजाराच्या रस्त्यावर आमच्या मिस्त्रींचं पत्र्याचं दुकान होतं. आत भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याला रोज ताजा हार. जुन्या ट्रॅक्टरचा क्लच लावताना मिस्त्री सीटवर बसत नसत. खाली उभं राहून, डोळे मिटून, पेडल तळहाताने दाबत. पेडल आधी थोडं मोकळं जातं, मग अडतं. ती मोकळी चाल म्हणजे प्ले. क्लचची प्लेट झिजली की प्ले कमी होतो, आणि पेडलवर पाय नसतानाही क्लच घासत राहतो. "पायाला कळत नाय, हाताला कळतं," म्हणत ते खाली वाकायचे, चेकनट ढिला करून रॉड अर्धा फेरा फिरवायचे आणि पुन्हा तळहात. असं चार-पाच वेळा. मोजपट्टी मी त्या दुकानात कधी पाहिली नाही.

पेडलवर पाय टेकवून ट्रॅक्टर चालवणारा दिसला की ते भर रस्त्यात ओरडायचे, "ओ पाटील, पाय उचला. उशी हाय का ती?" एकदा एक जण सासऱ्याला शेजारी बसवून चालला होता, त्यालाही त्यांनी सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस पायी आला आणि दुकानासमोर थांबून म्हणाला, "मिस्त्री, आज तरी टेकवू का पाय?" मिस्त्री हसता हसता खोकायला लागले.

आमचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वयाने मोठा. तो घेऊन गेलो की ते मला मालक म्हणायचे. मी तेव्हा समतेवर पत्रकं लिहून वाटत होतो. मी बजावलं, "मला मालक म्हणू नका. आपण सारखे आहोत."

"बरं, मालक."

पुढे बजाजनगरला ठेका कामगारांचा मोर्चा ठरला. ट्रॉलीवर भोंगा लावून ट्रॅक्टर मी चालवणार होतो. पेरणी तोंडावर होती, वडिलांनी नाखुशीनेच तो दिला. आदल्या दिवशी मिस्त्रींनी क्लच लावून दिला आणि म्हणाले, "लो गिअर टाका अन् पाय काढून घ्या. माणसं थांबली तर न्यूट्रल करा. अर्ध्या क्लचवर खेळलात तर प्लेट जाईल." मी मान हलवत होतो. डोक्यात घोषणा जुळवत होतो.

मोर्चात दिवसभर मी अर्ध्या क्लचवरच चालवला. एका हातात माइक, पाय पेडलवर. दुपारी जळका वास आला. श्रमाच्या प्रतिष्ठेवर बोलत होतो, म्हणून थांबलो नाही. संध्याकाळी इंजिन गुरगुरत होतं आणि चाकं हलत नव्हती. ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरला बांधून घरी आणावा लागला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. चहाच्या टपरीवर, सगळ्यांसमोर वडिलांनी विचारलं, "काय करून ठेवलंस?"

"मिस्त्रीने क्लच चुकीचा लावला," मी म्हणालो.

इतकं सोपं होतं ते. कोणी पुरावा मागितला नाही. आमच्याकडे जमीन होती, त्यांच्याकडे नट-बोल्ट खोलायचे पाने होते. बाकड्यावरचा एक जण म्हणाला, "त्या लोकायकडं काम द्यायचंच कशाला?" समतेवर लिहिणारा मी, समोर बसून चहा पीत राहिलो.

मिस्त्री आमच्या अंगणात आले. क्लचपर्यंत पोचायला ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत वेगळा करावा लागतो. तो त्यांनी केला. प्लेट कोळशासारखी झाली होती. ती हातात धरून त्यांनी एकदाच माझ्या पायाकडे पाहिलं.

"काय मिस्त्री, हात चुकला ना तुमचा?" वडील म्हणाले.

मिस्त्री प्लेट खाली ठेवून उठले. माझ्याकडे बघत राहिले. ती वेळ त्यांनी माझ्यासाठी मोकळी ठेवली होती. मी खाली बसून पुसलेलेच पाने पुन्हा पुसत होतो.

"असंल, मालक," ते म्हणाले.

ते हात धुवायला गेले तेव्हा मी मागोमाग जाऊन हळूच विचारलं, "खरं का नाही सांगितलं?"

"मग मोर्चाला परत ट्रॅक्टर दिला असता का वडिलांनी? माझी लेक हाय तिथं, ठेक्यावर."

त्या हंगामापासून दुकानासमोर ट्रॅक्टर थांबेनासे झाले. वर्षभरात पत्रेही उतरले.

आता मी मुकुंदवाडीत खोली घेऊन राहतो. मागच्या वर्षी वाळूजच्या एका कारखान्याच्या गेटवर ते दिसले. अंगावर रखवालदाराचा सैल गणवेश होता. मी तिथेच त्यांचा हात धरला, सगळं कबूल केलं, रडलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"इथं कशाला सांगता? इथं कोणाला माहीत हाय, मी मिस्त्री व्हतो ते? जिथं बोललात तिथं सांगा."

तिथे जायला मला आठ महिने लागले. आधी वडिलांना सांगितलं. ते उठून गोठ्यात गेले. मग बाजाराच्या दिवशी त्याच टपरीवर उभा राहिलो. या वेळी भोंगा नव्हता; क्लच मी जाळला, मिस्त्रींनी नाही, एवढंच सांगितलं. बाकड्यावर बहुतेक नवी माणसं होती. एक जुना गृहस्थ म्हणाला, "जाऊ द्या हो, झालं ते झालं." झालं ते मिस्त्रींचं झालं होतं, त्यांचं नाही.

सांगून आलो, हे सांगायला पुन्हा त्या गेटवर गेलो. ठेकेदार बदलला होता, जुनी माणसं घरी पाठवली होती. मिस्त्रींच्या लेकीची खोली शोधून काढली, तिथेही दुसरेच भाडेकरू होते. मिस्त्री कुठे गेले, कोणाला माहीत नव्हतं.

म्हणून तुम्हाला एक काम सांगतो. लासूर-गंगापूरकडच्या एखाद्या टपरीवर, त्या मिस्त्रीचा हात बिघडला होता, असं कोणी म्हणालं, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. त्यांचा हात बरोबर होता, चूक माझी होती, हे चारचौघांत मोठ्याने सांगा. कशावरून, असं विचारलं तर या लेखावर छापलेलं माझं नाव घ्या. पूर्ण घ्या, आडनावासकट.