उसना गंज

प्रताप नगरात नवं घर बांधलं की पाहुण्याला कुणी मोझॅकची फरशी दाखवायचं, कुणी गच्ची. बाबारावजी आधी संडास दाखवायचे. पाहुणा चपला काढतो न काढतो तोच "या, इकडून या" म्हणत त्याला मागच्या अंगणात न्यायचे. पांढरी शुभ्र सीट, वर लोखंडी टाकी, टाकीला साखळी. साखळी ओढायचा मान पाहुण्याचा. पाहुणा लाजला तर बाबारावजी स्वतः ओढायचे आणि पाणी धबधबा कोसळत असताना त्याच्या तोंडाकडे पाहायचे. चहा त्यानंतर.

हसणारे हसत, पण त्यामागे एक गोष्ट होती. लकडगंजच्या भाड्याच्या घरी टोपलीचा संडास होता. एक म्हातारी मागच्या बोळातून यायची आणि टोपली डोक्यावर घेऊन जायची. एका सकाळी ती शेवाळावर घसरून पडली. बाबारावजी दारातच उभे होते. त्यांनी हात पुढे केला नाही; म्हातारी आपली आपण उठली, भरलं सगळं परत, आणि गेली. त्या दिवशी ते कौशल्याबाईंना म्हणाले, "आपलं घर होईन ना, त माह्या घरची घान दुसरं कोनी उचलनार नाई. आपली आपन पाहू."

सदुसष्ट साली घर झालं आणि शब्द पाळला. टाकीचा वायसर बदलणं, सीट घासणं, चेंबर उघडून पाहणं, सगळं स्वतःच्या हातानं. कचेरीत बाबू असलेला माणूस रविवारी बनियनवर संडासात बसून गुणगुणायचा. जेवताना मात्र तोच विषय काढू नये एवढं त्यांना कळत नसे.

कौशल्याबाई मुकाट बाई, असं गल्लीत सगळे म्हणत. ते खरं नव्हतं. जागा मिळाली तर त्या छान बोलायच्या, अगदी टोचून. बाबारावजी बोलण्यात जागाच ठेवत नसत, त्याला त्या काय करणार? मुलगी प्रेमलता लग्न होऊन गेल्यापासून घरात एकाच माणसाचा आवाज यायचा आणि तो घराबाहेरही यायचा.

एकोणऐंशीच्या फाल्गुनात हा संडास तुंबला. पाणी टाकलं की सीटच्या काठापर्यंत चढायचं आणि तिथंच थांबायचं. दोन दिवस बाबारावजी टमरेल घेऊन शेवटच्या प्लॉटापलीकडच्या बाभळींकडे गेले. ज्यांना ज्यांना त्यांनी साखळी ओढायला लावली होती ते सगळे नेमके त्याच वाटेवर भेटले. कौशल्याबाई शेजारच्या वच्छलाबाईकडे जात.

कशानं तुंबला हे घरात एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते माणूस स्वयंपाकघरात कणिक मळत होतं.

गेल्या गणपतीत कौशल्याबाईंच्या अंगावरून जायला लागलं. पाळी बंद होऊन चार वर्षं झाली होती. पहिल्यांदा वाटलं, उष्णता असेल. सब्जा भिजवून प्याल्या. दिवाळीपर्यंत ते रोजचं झालं. फडकी धुऊन वाळत घालायची कुठं? अंगणातली तार साऱ्या गल्लीला दिसे आणि वच्छलाबाईला तर चष्म्याशिवाय दिसे. या वयात तारेवर फडकं दिसलं असतं तर ती दुपार वच्छलाबाईनं सोन्याची करून टाकली असती. कचऱ्यात टाकलं तर कुत्री ओढत. मग साखळी ओढायची. धबधबा सगळं घेऊन जायचा. त्या टाकीचं मनापासून कौतुक कौशल्याबाईंना तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

सांगायचं नाही, असं मात्र त्यांनी उमरेडच्या रंभाबाईमुळे ठरवलं होतं. रंभाबाई त्यांची थोरली बहीण. तिला हेच झालं. तिनं सांगितलं, तिला दवाखान्यात नेलं, आणि ती एसटीत आपल्या पायांनी चढून गेलेली बाई परत आली ती चौघांच्या हातावर. सांगितलं नसतं तर जगली असती, असं काही कौशल्याबाई म्हणत नव्हत्या. पण सांगेपर्यंत ती जगत होती, हे त्यांनी पाहिलं होतं.

घरातल्या जुन्या चिंध्या संपल्या. नवं कापड मागावं तर बाबारावजी दहा प्रश्न विचारणार. शेवटी त्यांनी पेटीतलं वांगी रंगाचं लुगडं काढलं. वास्तूच्या वेळी बाबारावजींनी उमरेडहून स्वतः निवडून आणलेलं, लाल काठाचं. आयुष्यात त्यांनी बायकोसाठी निवडलेलं तेवढं एकच. बारा वर्षं धुऊन धुऊन ते मऊ सायीसारखं झालं होतं. फाडताना आवाजही झाला नाही.

संक्रांतीला बाबारावजींना नेमकं तेच आठवलं.

"थे वांगी लुगडं कुठं गेलं वं? नेस ना आज हळदीकुंकवाले."

"भांडेवालीले देल्लं," कौशल्याबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"चांगलं लुगडं? काय घेतलं बदल्यात?"

"गंज. स्टीलचा."

"दाखव बरं."

"घासाले काढला आहे," म्हणून कौशल्याबाई मागच्या दारानं वच्छलाबाईकडे गेल्या आणि तिचा दूध तापवायचा गंज पदराखाली घालून आणला. बाबारावजींनी तो बोटाच्या पेरानं वाजवून पाहिला. "जाड आहे," म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "पन लुगडं चांगलं होतं."

दोन दिवसांचा म्हणून आणलेला गंज मग परत जाईना. रोज त्यात दूध तापायचं, रोज बाबारावजी ते प्यायचे. वच्छलाबाईनं एकदा मागितला, दोनदा मागितला, तिसऱ्यांदा म्हणाली, "काय वं कौशल्याबाई, माह्या गंजाचं लगन लावून देल्लं का तुमच्या घरी?"

"राहू द्या वं थोडे दिवस. जावई आहे म्हना."

वच्छलाबाई हसली. हसता हसता तिचं लक्ष कौशल्याबाईंच्या हातांकडे गेलं; बांगड्या मनगटावरून घरंगळून कोपरापर्यंत जात होत्या. ती काहीतरी विचारणार होती, तेवढ्यात तिचं दूध उतू गेलं.

तर त्या रविवारी बाबारावजींनी बनियन चढवली, बांबूची लांब कमची आणली, एका सळाखीचं टोक ठोकून आकडा केला आणि चेंबरच्या झाकणाशी बसले.

"बोलवा ना कोनाले तरी," कौशल्याबाई दारातून म्हणाल्या. "तुमची कंबर आधीच धरून राहिली."

"माह्या घरची घान मी काढीन. ठरलं आहे थे."

"मंग तुमी आंघोळीले जा. मी काढते."

बाबारावजींनी वर पाहिलं. बारा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. "तुले काय समजते त्यातलं? तूच तुंबवला. लोटाभर पानी टाकून येतं. हजार वेळा सांगतलं, साखळी ओढ, साखळी ओढ."

"ओढते ना."

"काय ओढतं?"

कुंपणावरून वच्छलाबाईचं डोकं वर आलं. "बाबारावजी, आज पाहुने आले त काय दाखवसान?"

"तुमाले दाखवतो, या."

"माह्या घरचा चालू आहे जी," वच्छलाबाई म्हणाली आणि सोईनं उभी राहिली.

कौशल्याबाई चौकटीला धरून होत्या. कमची आत गेली, अडली. बाबारावजींनी ती फिरवली, मग आकड्याची सळाख घातली. "काहीतरी मऊ आहे," ते म्हणाले. कौशल्याबाईंना वाटलं, तुटावी ती सळाख. एवढंच व्हावं. आकडा अडकला, बाबारावजींनी पाय रोवून ओढलं आणि काळा ओला गोळा चेंबरच्या काठावर येऊन पडला. त्यामागून दुसरा. तिसरा.

"चिंध्या," बाबारावजी म्हणाले. "कोन टाकलं हे?" त्यांनी बादलीभर पाणी ओतलं. काळं वाहून गेलं. एका तुकड्याच्या कडेला लाल काठ वर आला.

बाबारावजी वाकून पाहत राहिले.

"भांडेवाली आपल्याच संडासात टाकून गेली का वं?" ते अर्धवट हसत म्हणाले, आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग हसणं तोंडावरच राहिलं, ते काढून घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

"मंग गंज?" त्यांनी विचारलं.

"उलटा करून पाहा," कौशल्याबाई म्हणाल्या.

बाबारावजींनी हात धुतले, साबणानं, तीनदा. स्वयंपाकघरात गेले. गंजात दूध होतं. तो उलटा कसा करणार? त्यांनी दोन्ही हातांनी तो डोक्याच्या वर धरला आणि खालून वाचलं. बुडावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलं होतं: सौ. वच्छला मारोतराव. पेपराच्या शेवटच्या पानावरचं छापखान्याचं नावसुद्धा न सोडणारा हा माणूस. दोन महिने त्याच गंजातलं दूध पीत होता.

"कवापासून?"

"गनपतीपासून."

"काहून नाई सांगतलं वं?"

"मन घट्ट करून सांगाले आली होती एक डाव. दिवाळीच्या आधी. तुमी टाकीच्या वायसरचं सांगून राहिले होते. रबरी चांगला का चामड्याचा."

बाबारावजींनी गंज खाली ठेवला. थोडं दूध सांडलं होतं, ते पुसलं. मग ते अंगणात गेले, ते तुकडे नळाखाली धरून एक एक धुतले आणि समोरच्या तारेवर, साऱ्या गल्लीच्या समोर, चिमटे लावून वाळत घातले. कुंपणावरच्या वच्छलाबाईनं पाहिलं. चिमट्यांचा आवाज तेवढा येत होता. ती खाली उतरली आणि घरात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी दोघं मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीण बाईनं कौशल्याबाईंना तपासलं आणि बोलली मात्र बाबारावजींशी. दिवाळीत यायला पाहिजे होतं, म्हणाली. बाबारावजी तिच्या टेबलावरच्या पाणी भरलेल्या काचेच्या गोळ्याकडे पाहत होते. पुढं किरणांचे शेक झाले, रक्त चढवलं, प्रेमलता येऊन राहिली. संडास उत्तम चालत होता. पाहुणे येत, पण त्यांना मागच्या अंगणात कुणी नेत नव्हतं.

वैशाखात एक दिवस बाबारावजी इतवारीतून नवा गंज घेऊन आले आणि खाटेवर कौशल्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी सवयीनं तो आधी उलटा केला. बूड कोरं होतं. नाव बाहेरून, पोटावर टाकलं होतं, आंधळ्यालाही चाचपता येईल एवढ्या अक्षरात: सौ. कौशल्या बाबाराव.

"एवढं मोठं?" कौशल्याबाई म्हणाल्या. "आता हा आपला म्हनून कोनी नवऱ्याले दाखवू शकनार नाई."

दोघं हसली. प्रेमलता आतून धावत आली, कारण हसण्याचे आवाज दोन होते.

पोळ्याच्या चार दिवस आधी कौशल्याबाई गेल्या.

तेरवी झाल्यावर बाबारावजी वच्छलाबाईचा गंज परत करायला गेले. भांडं रिकामं परत करू नये, हे त्यांना आठवलं, पण काय घालावं हे कुणाला विचारायचं ते कळेना. म्हणून त्यांनी डब्यातली तुरीची डाळ काठोकाठ भरली. वच्छलाबाईनं गंज घेतला, डाळ पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

नाव कोरलेला गंज घरीच राहिला. एकट्या माणसाला केवढंसं दूध लागतं? हळूहळू गल्लीतल्या बाया बारशाला, डोहाळजेवणाला तो उसना मागायला येऊ लागल्या. बाबारावजी कधी नाही म्हणाले नाहीत. फक्त त्यांची एक नवीच तऱ्हा झाली. पुढच्या फाल्गुनात नातवाच्या बारशासाठी वच्छलाबाई आली, तेव्हा तिलाही ती कळली.

"कशी आहे वं तब्येत?" बाबारावजींनी गंज पुढे करत विचारलं.

"बरी आहे जी," वच्छलाबाई म्हणाली आणि गंजाला हात लावला.

बाबारावजींनी तो सोडला नाही. काठ धरून उभे राहिले. नुसते तिच्या तोंडाकडे पाहत होते. वच्छलाबाईनं एकदा ओढून पाहिला.

"गुडघा दुखते जी," ती शेवटी म्हणाली. "सहा महिने झाले."

"मंग डॉक्टरले दाखवा," बाबारावजी म्हणाले, आणि गंज सोडला.