विटाळाची मोसंबी

बाबांच्या हाताला यश आहे, असं शहाडला आमच्या चाळीत सगळे म्हणायचे. सगळ्यांत जास्त बाबाच म्हणायचे. कोलशेतच्या कंपनीतून आले की चहाच्या आधी मागच्या अंगणात जायचे आणि लिंबू-मोसंबीची कलमं बांधत बसायचे. डोंबिवलीतले गॅलरीवाले लोक ती हौसेने न्यायचे.

माझ्या दहावीच्या वर्षी, थंडीत, आईने माहेराहून मोसंबीच्या चार काड्या आणल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून. तिच्या आईने लावलेलं झाड मामाने तोडून टाकलं होतं. "एवढंच राहिलंय तिचं," आई म्हणाली. बाबांनी तीन काड्यांवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, सालीसकट काढून जंबेरीच्या रोपांवर भरले. जंबेरी म्हणजे आंबट, बियांनी भरलेलं रानटी लिंबू. मूळ दणकट, म्हणून खाली खुंट त्याचा आणि वर मोसंबी. खोडावर वीतभर उंचीला चीर द्यायची, साल अलगद सोडवायची, आत डोळा सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधायचं. तीन आठवड्यांनी डोळा हिरवा दिसला तर जगला, काळा पडला तर मेला.

सगळे काळे पडले. त्या महिन्यात नळाला पाणी नव्हतं, रोपं तहानलेली होती. तहानलेल्या रोपाची साल सुटत नाही; बाबांनी ती ओरबाडली होती. मला पंधराव्या वर्षी हे दिसत होतं. बाबांना वेगळंच दिसलं.

"ही फिरकली इथं, त्या चार दिवसांत," ते माझ्याकडे बोट दाखवत आईला म्हणाले, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात. "सांगितलेलं ना, सावली पडली तरी जळतं म्हणून!" मग मेलेली रोपं मलाच उपटायला लावली. "आता लाव हात. मेल्यावर कसला विटाळ?" शेजारचे काका दारात दात घासत उभे होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

चौथी काडी आईने फ्रिजमध्ये भाजीच्या खणात दडवली होती. आठवडाभर ती पिण्याच्या पाण्यातलं तांब्याभर पाणी जंबेरीच्या एका रोपाला घालत राहिली. मग एका दुपारी, बाबा कामावर असताना, त्यांचा चाकू धुऊन तिने माझ्या हातात दिला.

"आज? अगं आई, आज मी बाजूला बसलेय."

"म्हणून तर आज."

डोळा जगला. पट्टी सोडायच्या वेळी आईने बाबांना सांगितलं, "तुम्हीच बांधलेलं, विसरलात?" कौतुक नको म्हणणारा पुरुष मी अजून पाहिलेला नाही. त्यांना लगेच आठवलं. पुढे वीस वर्षं येईल-जाईल त्याला ते झाड दाखवायचे, आणि दरवर्षी पहिलं फळ आंघोळ करून, सोवळ्याने देवापुढे ठेवायचे. आई गालातल्या गालात हसायची. चार वर्षांपूर्वी आई गेली. तिचं म्हणावं असं त्या घरात मग तेवढं झाडच उरलं.

गेल्या नवरात्रात मी दिव्याच्या माझ्या घरून मुलीला घेऊन बाबांकडे गेलेले. ती तेरा वर्षांची. दारातच तिने माझ्याकडे पॅड मागितलं आणि ते बाबांच्या कानावर गेलं. थोड्या वेळाने तिने अंगणात फळाला हात घातला, तेव्हा ते खुर्चीतून ओरडले, "सोड ते! तुझ्या आईनेपण अशीच रोपं जाळलेली."

मुलीने फळ सोडलं. तिचे कान लाल झाले. ते कान मी ओळखले.

"बाबा," मी म्हणाले, "या झाडाचा डोळा मी भरलाय. तेव्हा मी बाजूला बसले होते. वीस वर्षं तुम्ही देवाला विटाळच खाऊ घालताय."

ते झाडाकडे वळले. मग म्हणाले, "तुझ्या आईला माहीत होतं?"

"तिनेच चाकू दिला. हसायची ती तुम्हाला."

हे शेवटचं बोलायची काहीच गरज नव्हती. पण बोलून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

होळीपर्यंत पानं पिवळी पडली, पाडव्याला झाड वाळलं. नातीने हात लावला म्हणून गेलं, असं बाबांनी चाळभर सांगितलं. वडाची साल पिंपळाला लावण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. मी बघायला गेले तेव्हा खोडाला त्यांनी गोणपाट गुंडाळलं होतं. मी ते सोडलं. कलमाच्या जोडाच्या जरासं वर, दोन बोटं रुंद, गोल फिरवून साल काढलेली होती. कुठे ओरखडा नाही, कुठे हात हललेला नाही. कलमं बांधणाऱ्याला झाड मारायला कुऱ्हाड लागत नाही.

जोडाखाली जंबेरीचे फुटवे जोमाने वर आले होते. "खुंट मी लावलेला," बाबा खुर्चीतून म्हणाले. "तो राहील."

मी त्यांना तोंडाला येईल ते बोलले. पण परतताना कळत होतं, त्यांचा स्वभाव मला जन्मापासून ठाऊक आहे. आईचं झाड मी दगडासारखं उचलून त्यांच्यावर फेकलं होतं. फुटायचं ते फुटलं.

मुलीला खरं कळावं म्हणून पुढच्या रविवारी मी तिला तिकडे नेलं. सालीचा तो गोल कट दाखवला. आजोबांनी चाकूने केलंय, तुझ्या हाताने काही झालेलं नाही, हे दोनदा सांगितलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, मानही हलवली.

"बोट फिरवून बघ," मी म्हणाले.

तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"आज नको, मम्मी."