वल्लरीताईंच्या कॅप्सूल

सत्यशीला ढोके मूळची वाशिमची, पण एकोणीस वर्षं पुण्यात शहर बसची कंडक्टर. "पुढे सरका, दारात काय ठेवलंय?" हे तिचं वाक्य कात्रजच्या गाडीतल्या सगळ्यांना पाठ होतं. घराचे चार जिने चढताना धाप लागायला लागली तेव्हा तिने वजन उतरवायचं मनावर घेतलं. भात कमी केला, पहाटे चालू लागली. हळूहळू जमलंही असतं. पण तेवढ्यात शनिवार पेठेत आरोग्य क्लब चालवणाऱ्या वल्लरीताई भेटल्या.

"अहो, सगळी वनस्पती आहे. दुष्परिणाम कसले होणार?"

सकाळी अनशापोटी दोन कॅप्सूल. भूक मेली. तीन आठवड्यांत चार किलो उतरले. मग झोप उडाली, तिकीट काढताना हात थरथरू लागले, बसल्या जागी छाती धडधडू लागली. तिने फोन केला.

"चरबी वितळतेय, त्याचीच खूण ही," वल्लरीताई म्हणाल्या. "दोनाच्या तीन करा."

ना नाडी बघितली, ना बीपी विचारलं. वैद्यकाचा एक दिवस अभ्यास नसलेल्या बाईने फोनवरून डोस वाढवला. आणि सत्यशीलाने विश्वास ठेवून घेतला.

चौथ्या दिवशी पद्मावतीजवळ ती चालत्या गाडीत कोसळली. ड्रायव्हर पोपट शेलारांनी प्रवाशांसकट गाडी थेट दवाखान्यात नेली. स्टॉप चुकला म्हणून एकानेही वाद घातला नाही; पुण्यात हे लक्षात ठेवण्यासारखं.

ठोके मिनिटाला एकशे नव्वद. इंजेक्शनं देऊन ते ताळ्यावर आणल्यावर डॉक्टर श्रद्धा बापटांनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?"

"एकही नाही."

"काढा, चूर्ण, कॅप्सूल?"

"ते होय? ते झाडपाल्याचं आहे."

डॉक्टरांनी तिचा नवरा आनंद याला बाटली आणायला पाठवलं. लेबलावर कडू संत्र्याचा अर्क, ग्वाराना, हिरव्या चहाचा अर्क. कशाचं प्रमाण किती, याचा पत्ता नाही.

"ही सगळी उत्तेजकं आहेत," डॉक्टर चिडूनच म्हणाल्या. "एकत्र घेतली की हृदय नुसतं पळत सुटतं. झाडाचं आहे म्हणून ते सोडून देत नाही."

घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी सत्यशीला क्लबात गेली. आठ-दहा बायका वजन करायला थांबल्या होत्या.

"अहो, तुमच्या हृदयातच आधीपासून काहीतरी असणार," वल्लरीताई हसून म्हणाल्या. "बाकीच्यांना कुठे काय होतंय?"

चिडली की सत्यशीलाच्या तोंडून वऱ्हाडीच येते.

"असंल ना! मंग मले आधी विचारलं काहून नाही? छाती धडधडते म्हटलं, तं तीन घे म्हणे! मेली असती तं माह्या पोरींले काय सांगितलं असतं, चरबी वितळली म्हणून?"

वल्लरीताईंचं हसू गेलं. "आपण बाहेर बोलू या."

"बाहेर कायले? इथंच बोल."

तिने दवाखान्याचे कागद त्या बायकांसमोर टेबलावर आपटले. तेव्हा अपेक्षा नावाची कॉलेजातली मुलगी हळूच म्हणाली, "माझेही हात थरथरतात. मला वाटलं, परीक्षेचं टेन्शन असेल."

सत्यशीलाने तिचा दंड धरला आणि तशीच रिक्षात घालून डॉक्टर बापटांकडे नेली. ईसीजीत ठोके जलद निघाले. कॅप्सूल बंद केल्यावर ते आठवड्यात उतरले.

सत्यशीलाने उरलेल्या कॅप्सूल आणि डॉक्टरांचं पत्र जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार केली. नमुने तपासणीला गेलेत, अहवाल यायचा आहे. वल्लरीताईंचा क्लब उघडाच आहे. डॉक्टरांनी गाडीवर जायला अजून परवानगी दिलेली नाही. ती डेपोत टेबलापाशी बसते आणि दर सोमवारी त्या कार्यालयाला फोन करून विचारते, "झाली का तपासणी? का आणखी कोणी पडायची वाट बघताय?"