गोड न खाणारी झुरळं

गोळीमामाचं खरं नाव टपालवाल्यालाही पटकन आठवत नसे. भाची बोबडं बोलायला लागली तेव्हा तिनं त्याला गोळीमामा म्हटलं, गल्लीनं ते उचललं, आणि बघता बघता पिकल्या केसांची माणसंही त्याला मामा म्हणू लागली. गोळी म्हणजे झुरळं मारायची गोळी. बोरिक पावडर, कणीक, भरपूर पिठीसाखर आणि मळायला दूध. त्याचे वडील, अप्पा, तेच करत. पत्र्याच्या डब्यात गोळ्या घेऊन ते घरोघर हिंडायचे आणि पोराला सांगायचे, "जीव म्हटला की त्याला गोड हवंच. बाकी काही शिकला नाहीस तरी चालेल."

मामा बाकी फारसं काही शिकला नाही. पण हे एवढं त्यानं मनापासून धरलं. कुणाच्या घरी गेला की चपला बाहेर काढायचा, मोरीपाशी उकिडवा बसायचा आणि नुसता वास घ्यायचा. झुरळांच्या वस्तीला एक वास असतो, जुन्या तेलकट कागदासारखा. तो कुठून येतो ते कळलं की त्या फटीच्या तोंडाशी बोटानं गोळी सारायची आणि हलक्या आवाजात म्हणायचं, "घ्या." फवारा मारणाऱ्यांचा त्याला राग होता. फवारा म्हणजे भर चौकात शिवीगाळ, असं त्याचं मत. आपलं काम कसं, बोलावून, बसवून, खाऊ घालून.

लग्नाचं राहून गेलं होतं. दोन्ही वेळचं जेवण थोरल्या बहिणीकडे. ताईची खाणावळ कोपऱ्यावर होती. पुढं लांबट खोली, बाकडी, मागं काळवंडलेल्या भिंतींचं स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी मामाची ठरलेली खुर्ची. तिथून त्याला ताईची पाठ दिसायची. ताई चुलीसमोर उभी राहून पाठीनंच त्याच्याशी बोलायची. नवरा गेल्यावर तिनं याच चुलीवर पोरीला शिकवलं, मोठं केलं. पोरगी आता शाळेत जीवशास्त्र शिकवत होती आणि लांबच्या उपनगरात राहत होती. ताईच्या स्वयंपाकघराची राखण मामाकडे. वर्षानुवर्षं तिथं झुरळ दिसलं नाही, हा मामाचा मान होता आणि तो मान तो जेवताना चवीनं चघळायचा.

म्हणून त्या दिवशी जे झालं ते त्याच्या जिव्हारी लागलं.

आरोग्य खात्याच्या बाई पाहणीला आल्या. चष्मा, खांद्याला पिशवी, बोलणं मोजकं. त्यांनी फळीवरचा मिठाचा डबा उचलला आणि डब्याखालून तांबूस, पाठीवर दोन काळ्या रेघा असलेली झुरळं फुटलेल्या मण्यांसारखी चहूकडे पळाली. बाईंनी डबा परत जागेवर ठेवला.

"पुढच्या महिन्यात येते," त्या म्हणाल्या. "तेव्हा एक जरी दिसलं तरी मला कुलूप लावावं लागेल. मला आवडत नाही, पण लावावं लागेल."

बाई गेल्यावर ताईनं कढई उतरवली आणि पहिल्यांदाच तोंड वळवून भावाकडे पाहिलं. "बाळ, ही खाणावळ गेली तर मी दिवसभर करू काय?"

"आठवडा दे मला," मामा म्हणाला.

त्यानं गोळ्या केल्या. साखर वाढवली. फळीमागं, नळाखाली, चुलीच्या कोनाड्यात, सगळीकडे ठेवल्या. आठवडा गेला. गोळ्या जशाच्या तशा. पूर्वी गोळीची कड कुरतडलेली दिसायची, पायांची बारीक नक्षी दिसायची. आता नुसती धूळ बसलेली. त्यानं आणखी साखर घातली, वर मध घातला. गोळी इतकी गोड झाली की मुंग्या आल्या. झुरळं मात्र रात्रभर फळीवर नांदत राहिली आणि गोळ्यांना वळसा घालून जात राहिली.

माणसाचं हातखंडा काम फसलं की तो आधी दुसऱ्याच्या हाताकडे बघतो. मामानंही तेच केलं. खाणावळीत भांडी घासायला एक मावशी होती. अंगानं काटकुळी, बोलायला तिखट, कामाला चोख. एका सकाळी मामा तिला म्हणाला, "इथं एवढं खरकटं सांडलेलं असतं मावशी, की पोट भरलेलं झुरळ माझ्या गोळीकडे बघेल कशाला?"

मावशीनं हातातलं पातेलं उपडं घातलं. फडकं पिळलं. खिळ्याला लावलं. "बरं," एवढंच म्हणाली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही.

"झुरळं राहिली, मावशी गेली," ताई भांड्यांच्या ढिगात हात घालून म्हणाली. "जबरदस्त औषध आहे हं तुझं."

रविवारी दुपारी खाणावळ बंद असते. त्या रविवारी भाची आली. आईचं सगळं ऐकून झाल्यावर ती मामाकडे वळली. "ती गोळी खातच नाहीत, की खाऊन मरत नाहीत?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू बघितलंस का, गोळीपाशी आल्यावर नक्की काय करतात?"

मामानं बघितलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यानं झुरळं यायच्या आधीची जागा बघितली होती आणि मेल्यावरची. मधलं जेवण कधी बघितलं नव्हतं. यजमानानं पाहुण्यांच्या तोंडाकडे टक लावून बघू नये, तसं काहीसं.

त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीला पोती लावली. भाचीनं बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन कागद बांधला. "लाल उजेड त्यांना जवळजवळ दिसत नाही," ती म्हणाली. मामा उपड्या बादलीवर बसला, भाची पाटावर. बाहेर दुपारचं ऊन रस्त्यावर पसरलं होतं आणि आत खोटा अंधार. भांड्यांच्या कडा लालसर दिसत होत्या, जणू खोलीनं डोळे मिटून घेतलेत आणि पापण्यांमागचा उजेड तेवढा उरलाय.

बराच वेळ काही हललं नाही. मग फळीच्या फटीतून दोन मिशा बाहेर आल्या. मागोमाग झुरळ. ते गोळीपाशी आलं. मिशांनी चाचपलं. तोंड टेकवलं आणि चटका बसल्यासारखं मागं उडालं. पायानं तोंड पुसायला लागलं. मग वळलं आणि पलीकडे पडलेल्या शेंगदाण्याच्या कणाकडे गेलं. तो मात्र त्यानं मन लावून खाल्ला.

"तोंड पोळल्यासारखं करतंय," मामा कुजबुजला.

"कडू लागलं त्याला. साखर कडू लागली."

"साखर कधी कडू लागते?"

"याला लागते."

त्यामागून आलेल्या दुसऱ्यानंही तेच केलं. तिसऱ्यानंही. मामा हिरमुसला, आणि थोडा गहिवरलाही. "शिकली गं. हुशार झाली. आई पोरांना सांगत असणार, त्या पांढऱ्याच्या वाटेला जाऊ नका म्हणून."

"कुणी कुणाला सांगत नाही, मामा. आणि यातलं एकही शिकलेलं नाही."

"मग?"

भाची वर्गात उभी असल्यासारखी बोलली नाही. ती अंधारात त्याच्याजवळ सरकली. "तुला साय आवडते, हो ना?"

"आता सायीचं काय मधेच?"

"सांग ना."

"लहानपणी ताईच्या वाटची पण मीच खायचो. तिला नुसत्या वासानं मळमळायचं."

"बरोबर. एकाच आईबापाची दोघं. एकाला साय हवी, एकीला नको. त्यात ना तुझी हुशारी, ना तिची. जन्मालाच तशी आलात. आता समज, त्या घरात कुणी रोज सायीत विष कालवलं असतं. कोण उरलं असतं?"

मामानं दाराकडे पाहिलं. दाराबाहेर ताई तांदूळ निवडत होती, सुपाचा आवाज येत होता.

"ताई," तो म्हणाला.

"आणि आईची पोरगी कोण? मी. मलाही साय चालत नाही. माझी मुलं झाली तर त्यांनाही बहुतेक चालणार नाही. चार पिढ्यांनी तू त्या घरात आलास तर म्हणशील, काय हुशार माणसं, सायीला कुणी शिवत नाही."

सुपाचा आवाज थांबला. "माझं नाव निघालं का रे?" ताईनं बाहेरून विचारलं.

"नाही," दोघंही म्हणाले.

मामानं बॅटरीचा उजेड गोळीवरून हलवून भिंतीवर नेला. "म्हणजे ही गोड न खाणारी आधीपासूनच होती?"

"असतील एखाद-दुसरी. आणि तेव्हा त्यांचे हालच होत असणार. साखरेच्या भांडाराशेजारी उपाशी. अंगानं किरकोळ, पिल्लं कमी. तुझी गोळी आली नसती तर ती तशीच रखडत राहिली असती. तू आलास आणि गोडखाऊ सगळे बोलावून जेवायला घातलेस. उरलं कोण? ज्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं ती. दोन-तीन महिन्यांत यांची नवी पिढी होते. पिल्लं आईबापांसारखी. आजोबांच्या काळापासून धर, किती पिढ्या झाल्या."

"म्हणजे मी त्यांना मारत नव्हतो," मामा सावकाश म्हणाला. "ताई बाहेर तांदूळ निवडतेय, तसं निवडत होतो."

"जवळजवळ. फक्त आईला ठाऊक असतं की खडे काढायचेत. तुला काही ठाऊक नव्हतं. गोळीला तर नव्हतंच नव्हतं. निवडणारं कुणी नव्हतं, मामा. निवड मात्र झाली."

मामानं उजेड पुन्हा गोळीवर आणला. फटीतून एक पिल्लू आलं, तांदळाच्या दाण्याएवढं. तेही गोळीपाशी थबकलं, मागं सरलं. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. त्याच्या इवल्याशा तोंडात मामाच्या बापाचं आणि मामाचं अख्खं आयुष्य एका कडू चवीच्या रूपानं बसलं होतं. या घरात आपल्या हातून काय वाढलं, असं कुणी विचारलं असतं तर मामाला ह्या पिल्लाकडेच बोट दाखवावं लागलं असतं.

"साखर वाढवत होतो मी," तो म्हणाला. "चटका वाढवत होतो नुसता."

संध्याकाळ व्हायच्या आत तो मावशीच्या घरी गेला. मावशी दारात बसून चप्पल शिवत होती. तिनं त्याला आत ये म्हटलं नाही.

"खरकट्याचा काही संबंध नव्हता," मामा उभ्यानंच म्हणाला. "दोष माझ्या गोळीचा होता. बोललो ते चुकलं."

"हे कुणी सांगितलं?"

"बघितलं. झुरळांकडे बसून बघितलं."

मावशीनं दोरा दातानं तोडला. "मी सांगितलं असतं तर पटलं नसतं. झुरळांनी सांगितल्यावर पटलं." मग सरकून तिनं पायरीवर जागा केली. "बसा. पाणी आणते."

नवी गोळी करताना मामाचा हात सवयीनं दोनदा साखरेच्या डब्याकडे गेला. ताई शेजारीच उभी होती, तिनं डबा उचलून वरच्या फळीवर ठेवून दिला. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, थोडं तेल, पावडर तीच. गोडाचा कण नाही. भाचीच्या सांगण्यावरून फळीमागच्या फटीही सिमेंटनं बुजवल्या आणि गळका नळ बदलला. "उपाशी आणि तहानलेलं राहायला कुठल्याच पिढीला आवडत नाही," ती म्हणाली होती. काही दिवसांनी सकाळी दार उघडलं की फरशीवर पाय वर केलेली झुरळं दिसायला लागली. मामा ती केरसुणीनं गोळा करायचा, पण पूर्वीसारखा ऐटीत नाही.

"अप्पांची गोळी बाद झाली म्हणायची," ताई एकदा म्हणाली. तिचा आवाज जरा खोल गेला होता.

"बाद नाही. तिला जरा गप्प बसवायचं. शेंगदाणा आवडत नाही अशीही असतील त्यांच्यात कुणी. ती वाढली की हेही बदलायचं. आणि गोळीत साखर नसली की गोडखाऊ आपोआप पुन्हा वाढतात म्हणे, मग अप्पांचीच गोळी काढायची."

"म्हणजे हे कधी संपायचं नाही?"

"नाही."

"बरं झालं," ताई पाठ वळवून म्हणाली. "नाहीतर तू नुसता जेवायला आला असतास."

महिना भरला आणि बाई आल्या, नेमक्या जेवणाच्या वेळी. बाहेर बाकडी भरलेली. बाईंनी मिठाचा डबा उचलला. काही नाही. फळी ओढली. नळाखाली वाकल्या. कोनाड्यात हात घातला. ताई चुलीसमोर उभी होती आणि पोळी तव्यावर करपत होती तरी तिला कळत नव्हतं. मामा दाराशी उभा.

तेवढ्यात बाईंच्या मागं, भिंतीवर, एक झुरळ आलं. एकटंच. वाट हरवलेल्या माणसासारखं, कुठं जायचं ते विसरून गेल्यासारखं ते हळूहळू खाली उतरत होतं. मामाला दिसलं. मावशीला दिसलं. मावशी हात पुसत पुसत दोन पावलं मागं सरकली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, दमलेली बाई टेकते तशी. ओलं फडकं तिच्या पाठीमागच्या हातात होतं.

बाई वळल्या. "तुम्हाला बरं वाटत नाही का?"

"कंबर," मावशी म्हणाली. "भांडी घासून घासून."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग ताईकडे. क्षणभर त्यांच्या चष्म्यात चुलीचा जाळ हलला. "पोळी करपतेय," त्या म्हणाल्या. "चांगलं ठेवलंय स्वयंपाकघर. असंच ठेवा."

त्या गेल्यावर ताई खाली बसली आणि पदरानं तोंड पुसत राहिली. मावशीनं फडकं उलगडून मामासमोर धरलं.

"घ्या. तुमचं राहिलेलं."

मामानं वाकून पाहिलं. "हळू चालत होतं बिचारं."

"म्हणून तर सापडलं."

मामाच्या चेहऱ्यावर चिंता पसरली. "मावशी, हळू चालणारी अशी वेचून वेचून मारलीत, तर पुढं कुठली उरतील, ठाऊक आहे का?"

"पुढचं पुढं बघू," मावशी म्हणाली आणि त्याला खांद्यानं बाजूला सारलं. "आता सरका. बाहेर माणसं जेवायची थांबलीत."