थांबलीय की अडलीय

आमच्या नाटक कंपनीत एक माणूस असा होता, ज्याचा आवाज पहिल्या रांगेलाही कधी ऐकू गेला नाही. तीस वर्षं विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर नाटकाची वही घेऊन, त्याने आम्हाला शब्द पुरवले. आम्ही त्याला कुजबुज म्हणायचो. टाळ्या आम्ही घेतल्या, वाक्य चुकलं की शिव्या त्याने खाल्ल्या. आज त्याच्याविषयी लिहायला बसलोय तो चिडून, आणि त्या चिडीतला बराच वाटा माझा स्वतःवरचा आहे.

कुजबुजचा एक नियम होता. नट अडला की पहिला शब्द द्यायचा आणि गप्प राहायचं. "पुढचं वाक्य तुझं, मी कशाला बोलू?" म्हणायचा. तो शब्दही देण्याआधी नटाचे खांदे बघायचा. नट थांबलाय की अडलाय, हे त्याला पाठमोऱ्या माणसावरूनही कळायचं. एकदा मी मुद्दाम लांब विराम घेतला, तर नवा व्यवस्थापक घाबरून विंगेतून हातवारे करू लागला. कुजबुजने शांतपणे त्याचा हात धरून खाली केला.

गेल्या वर्षी त्याच्या बायकोला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली. वहिनी म्हणजे आमचे निम्मे पोशाख शिवणारी बाई, तोंडात टाचण्या धरूनही गप्पा मारणारी. वाचेचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "यांच्याशी मनापासून बोला. विचारा आणि उत्तराची वाट बघा. सहा महिने गेले की अवघड होत जातं."

चार महिने झाले होते तेव्हा मी भेटायला गेलो. खिडकीजवळ, जिथे वहिनींचं शिलाई मशीन असायचं, तिथे भलामोठा टीव्ही होता. वहिनी दवाखान्यात असतानाच कुजबुजच्या धाकट्या बहिणीने तो आणून बसवला होता, विरंगुळा म्हणून. ती, शेजारच्या दोघी आणि मालिकेतली एक रडणारी सून, अशा चौघी एकदम बोलत होत्या. वहिनी खुर्चीत, मुक्या.

"माझं..." वहिनी म्हणाल्या.

"डोकं दुखतंय का?"

"पाणी हवं असेल."

"आवाज वाढव गं, ऐकू येत नसेल त्यांना."

नणंदेने आवाज वाढवला आणि कुठल्याशा नटीच्या तिसऱ्या लग्नाची हकीकत पुढे चालू केली. मला बघून म्हणाली, "तुम्हाला आतलं माहीत असणार." आणि मी पाघळलो. तीन का होईनात, प्रेक्षक मिळाले होते. अर्धा तास त्या नटीच्या आईचे किस्से सांगितले. वहिनी मध्ये दोनदा "माझं" म्हणाल्या. दोन्ही वेळा मी हात वर करून म्हणालो, "हो हो, तेच सांगतोय."

कुजबुज स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. तो आला आणि त्याने टीव्हीचा प्लग ओढला.

"अरे दादा, ऐन रंगात आलं होतं," बहीण म्हणाली.

"चार महिने रंगातच आहे." त्याचा मोठा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "रोज येता, कुणाचा नवरा कुणाला सोडून गेला ते हिला सांगता. हिला काय म्हणायचंय ते कुणी विचारलं?"

"वहिनी बोलतेय कुठे?"

"तुम्ही बोलू देताय कुठे?" मग माझ्याकडे वळला. "आणि तू. तुझे विराम सांभाळत मी विंगेत श्वास रोखून बसायचो. हिच्यासाठी तुला अर्धं मिनिट तोंड मिटता येत नाही?"

मी मान खाली घातली.

तो वहिनींसमोर स्टूल घेऊन बसला. त्यांच्या खांद्यांकडे बघितलं. "माझं..." हलकेच म्हणाला आणि थांबला. शेजारणीने तोंड उघडलं, त्याने हात दाखवला. खोलीत नुसता पंखा ऐकू येत होता.

"माझं... मशीन... कुणाला... दिलं?"

कुजबुज सावकाश बहिणीकडे वळला. "तेलपाण्याला टाकलंय म्हणाली होतीस."

"आता काय शिवणार ती," बहीण पुटपुटली. "नुसती अडगळ होती. माझ्या लेकीला दिलं."

चार महिने त्या बाईच्या मनात एकच प्रश्न होता. तो बाहेर येऊ नये म्हणून कुणी कट केला नव्हता. आम्ही फक्त गप्पा मारत होतो. याचाच मला जास्त राग येतो. कट करणाऱ्याला निदान समोरचा माणूस दिसत असतो.

संध्याकाळी ज्या टेम्पोतून मशीन परत आलं, त्याच टेम्पोतून टीव्ही गेला. बहीण आठ दिवस रुसली, मग आली आणि ब्लाउजचं कापड घेऊन आली.

आता दर बुधवारी मी जातो. वहिनी हळूहळू, वेडीवाकडी का होईना, शिलाई घालतात. मी एक प्रश्न विचारतो आणि वाट बघतो. परवा विचारलं, पहिला पोशाख कुणासाठी शिवलात? त्या म्हणाल्या, "आईसाठी..." आणि थांबल्या. बराच वेळ गेला. मला राहवेना. मी म्हटलं, "साडीवरचं पोलकं?"

त्यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवून माझ्याकडे बघितलं.

"थांबलेय," म्हणाल्या. "अडले नाही."