गुळाचा खडा

जयमालाताई निवृत्त होऊन कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये रमल्या, तरी गुळाची ढेप फोडताना त्यांना हमखास पावणे गाव आठवतं. तिथल्या दगड दळायच्या कारखान्यात त्या धुळीचा आणि क्षयरोगाचा अभ्यास करायला जायच्या. पाळी सुटली की मुकादम प्रत्येकाच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचा. गुळाने छातीतली धूळ निघून जाते, असं तिथे सगळेच मानायचे.

कामगारांत गोजरा सर्वांत जास्त खोकायची. पण तपासणीसाठी थुंकी मागितली की पदर तोंडाला लावून सटकायची.

“गूळ खाते ना मी? तुमच्या डबीत थुंकले आन कामावरून काढलं, तर पोरांना काय तुमचा अभ्यास खायला घालू?”

जयमालाताईंना हसूही आलं आणि खरी अडचणही कळली. त्यांनी मालकाच्या केबिनचे खेटे घातले. शेवटी एकदा गूळवाटप चालू असतानाच मालक सगळ्यांदेखत म्हणाला, “गोजरा, औषध घे, बरी होऊन ये. जागा तुझीच.”

तेव्हा कुठे तिने डबी हातात घेतली. निघाला क्षयच. औषधं पूर्ण करून ती कामावर परतली, तोवर धूळ उडू नये म्हणून दळणावर पाण्याचा फवाराही बसला होता.

अजून दर संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन येते. “यानं धूल नाय जात, ताई, पन तोंड तं गोड होतं!”

लिफ्टची भीती वाटते म्हणून गोजरा जिन्यानेच चढते. जयमालाताई दाराआड उभ्या राहून कान देतात. नुसती पावलंच वाजतात, खोकला नाही. मग त्या दार उघडतात.