डॉ. बिराजदार बाई आणि बंद दारामागचे रुग्ण

डॉ. सुशीला बिराजदार यांची आणि माझी पहिली भेट तुरुंगाच्या दारात झाली. बाई मनोविकारतज्ज्ञ. भवानी पेठेतला दवाखाना सांभाळून, कैद्यांना उपचार मिळतात की नाही हे पाहणाऱ्या समितीचे काम त्या करीत. त्याच समितीत मी नवखा वकील होतो.

त्या दिवशी मल्लप्पा कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. कानडी मुलखाला लागून असलेल्या मैंदर्गीचा कच्चा कैदी, खटला अजून चालायचा होता. एसटीवर दगड मारल्याचा आरोप. "नाटक करतोय, मॅडम," अधिकारी म्हणाले. बाई त्याच्याजवळ खाली बसल्या. "याव ऊरप्पा?" कुठल्या गावचा रे बाबा, एवढेच त्यांनी कानडीत विचारले. मल्लप्पा वळला आणि रडू लागला. आत आल्यापासून त्याच्या मनोविकारावरच्या गोळ्या बंद होत्या. अन्नात विष आहे, असे कानात कोणीतरी सांगते, म्हणून तो जेवत नव्हता.

त्याला ताबडतोब रुग्णालयात हलवा, असे बाईंनी सांगितले. सोबत द्यायला पोलीस नव्हते. आधी एक बंदोबस्त होता, मग दुसरा. बाई रोज पोलीस कचेरीत जाऊन बसत. "तुमचा बंदोबस्त संपेपर्यंत याचा जीव थांबणार आहे का?" असे त्यांनी अधिकाऱ्यांना तोंडावर विचारले. मल्लप्पाला हलवले तेव्हा फार उशीर झाला होता.

शवागाराबाहेर त्याची आई म्हणाली, "नाटक करतंय म्हनत हुते की. आता तरी खरं वाटलं का?" बाई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि तिला मैंदर्गीला पोचवूनच परतल्या.

अहवालात त्यांनी 'उपचाराअभावी मृत्यू' असे लिहिले. भाषा जरा सौम्य करा, असा निरोप आला. "त्याला मरण सौम्य आलं नाही," बाई म्हणाल्या. नवी समिती नेमली गेली, तिच्यात आम्हा दोघांचीही नावे नव्हती.

तरी भेटीच्या दिवशी बाई आजही कैद्यांच्या नातेवाइकांबरोबर दारात उभ्या राहतात. औषध आत गेल्याशिवाय हलत नाहीत. तिथे आणि मनोरुग्ण स्त्रियांच्या आश्रयगृहातही त्यांना एकच ऐकावे लागते : वरून परवानगी आणा.

बाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांना करुणामूर्ती म्हणणाऱ्या काहींनी मल्लप्पाच्या वेळी त्यांचा फोनही उचलला नव्हता. सत्काराचे कळले तेव्हा बाई मला म्हणाल्या, "शाल कशाला? मला आत जाऊ द्या म्हणावं."

बाईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघे धड राहोत, आवाज असाच खणखणीत राहो. पंचाहत्तरीपर्यंत आपण त्यांना त्या दारात एकटे उभे ठेवले. त्यांच्यासाठी आणखी वर्षे मागताना मला शरम वाटते, तरी मागतो. कारण आत अजून माणसे आहेत.